बॅटरीसही उतारा असावा

अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहत म्हटली कीं चादरी, टॉवेल व यंत्रमाग डोळ्यांपुढें येतात. त्याच वसाहतींत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचा कारखाना आहे. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा व बंद करणारा दांडा. विजेच्या मोटारीस झडपा नाहींत. अर्थात् हा दांडाही नाहीं. या कंपनीनें सन २०१८ मध्यें विजेचे ट्रक तयार करणाऱ्या हॉलंडमधील इमॉस कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले, व पुढें छोट्या टेम्पोचें इंजिन काढून तेथें बॅटरी बसविण्याचें काम हातीं घेतलें.

शेतकऱ्यानें याकडे परकेपणानें पाहूं नये. आमचा कांदा सोलापूरच्या बाजारांत नेणारा टेम्पो उद्यां अशाच बॅटरीवर चालेल. लिथियम बॅटरीच्या दोन जाती विशेष प्रचारांत आहेत. निकेल-कोबाल्टची जात वजनाच्या मानानें अधिक वीज सांठविते. लोह-फॉस्फेटची जात जड, परंतु उष्णता अधिक सोसणारी व अधिक वर्षें टिकणारी. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यास दुसरीच मानवेल, असें आमचें मत आहे.

मात्र जात कोणतीही असो, बॅटरी झिजतेच. जसजशी ती चार्ज होते व उष्णता खाते, तसतशी तिची वीज सांठविण्याची शक्ति घटते. पेटी बाहेरून मात्र नवीच दिसते. गाडीच्या किंमतींत मोठा वांटा बॅटरीचा असतो. म्हणून जुनी गाडी घेणारा शेतकरी नेमका येथेंच फसेल.

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. उतारा पाहिल्यावांचून शहाणा माणूस जमिनीचा इसार देत नाहीं. बॅटरींतील नियंत्रक यंत्र आपल्या स्थितीची नोंद ठेवूं शकतें. पण ती गिऱ्हाइकास वाचावयास मिळेलच असें नाहीं. युरोपीय संघानें सन २०२३ च्या कायद्यान्वयें विजेच्या मोटारींच्या बॅटरीस फेब्रुवारी २०२७ पासून असा दाखला सक्तीचा ठरविला आहे.

यानें खर्च वाढेल, असें कोणी म्हणेल. परंतु यंत्रांत असलेली नोंद दाखविण्यास खर्च तो कितीसा?

तरी आमच्या संघानें कारखानदारांकडे व सरकारकडे मागणी करावी कीं, किती वेळां चार्ज झाली, शक्ति किती उरली व दुरुस्ती कोणती झाली, असे तीन रकाने मराठींत प्रत्येक बॅटरीसोबत मिळावेत. तोंवर सभासदांनीं तपासणी केल्यावांचून जुन्या विजेच्या गाडीचा इसार देऊं नये.