बाभळीवर किती भिस्त ठेवायची?

दातांसाठी बाभूळ हा उपाय महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात इतका रुळला आहे की त्याची चिकित्सा करावी असे कुणाला सहसा वाटत नाही. सकाळी कोवळ्या फांदीचे दातवण, हिरड्या सुजल्या की सालीच्या काढ्याच्या गुळण्या, कोळसा कुटून केलेली राखुंडी, शिवाय बाळंतिणीला डिंकाचे लाडू. ज्या झाडाच्या लाकडाचे औत आणि गाडीची चाके झाली, त्याच्याकडून घराने एवढी कामे वर करून घेतली. आता बांधावरची बाभूळ कमी होत चालली आहे आणि तिचे नाव पेस्टच्या नळीवर विकले जाते आहे. अशा वेळी या झाडाचे नेमके श्रेय किती, हे ठरवायला हवे. माझ्या मते बाभूळ हा चांगला ब्रश आहे आणि सुजलेल्या हिरडीला तिची साल उतार देते. मात्र किडलेल्या दातावर तिच्याकडे इलाज नाही आणि हिरडीच्या आजारावर ती पांघरूणही घालू शकते.

दातवणाचा गुण मुख्यतः घासण्यात आहे. काटे तासलेली, करंगळीएवढी जाड, ताजी काडी घ्यायची, टोक चावून त्याचा कुंचला करायचा, दात घासून झाले की तीच काडी उभी चिरून जीभ खरवडायची. सुश्रुतसंहितेने दातवणाचे माप दिले आहे, बारा अंगुळे. आणि एकेक दात मऊ कुंचल्याने, हिरडीला इजा न करता घासावा असेही बजावले आहे. ज्याचे तोंड आले आहे, ज्याला धाप किंवा उलटी आहे, त्याने दातवण करू नये, हेही तिथेच आहे. परंपरेचे गोडवे गाताना हा अटींचा भाग मात्र हमखास गाळला जातो. सालीचे काम वेगळे. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असते, म्हणून तर ती कातडी कमावायला वापरत. हे टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते, हिरडीचा वरचा थर आवळून येतो, सूज ओसरल्यासारखी वाटते आणि रक्त थांबते. तोंडाला जाणवणारा तुरटपणा तो हाच. म्हणजे काढ्याने आराम पडतो असे सांगणारी आजी खोटे सांगत नव्हती.

अडचण सुरू होते ती त्या आरामापासून. हिरडीतून रक्त येणे ही आजाराची पहिली हाक असते. दातांच्या मुळाशी कीटण साचून दगडासारखे झाले की ते ना काडीने निघत, ना पेस्टने. ते दाताच्या डॉक्टरलाच खरवडून काढावे लागते. काढ्याने रक्त थांबले की माणूस निर्धास्त होतो, कीटण आत तसेच राहते, हाड झिजत जाते आणि काही वर्षांनी चांगले दिसणारे दात हलू लागतात. मधुमेह्यांनी तर अधिकच जपावे, कारण वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. दात किडण्याचे कारण आणखी निराळे आहे. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि त्याने दाताचे कवच विरघळते. ते पुन्हा भरून यायला फ्लोराइडची मदत होते आणि ते काम टॅनिनकडून होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइडयुक्त पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती याच कारणाने. नळीवर झाडाचे चित्र कोणते आहे यापेक्षा मागच्या बारीक अक्षरांत फ्लोराइड आहे की नाही, हे पाहिलेले बरे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्या आजोबांचे दात ऐंशीव्या वर्षीही शाबूत होते. असतीलही. पण त्यांच्या ताटात भाकरी होती, येता-जाता बिस्किटे आणि गोड चहा नव्हता. आणि चाळिशीतच बोळके झालेल्या आजोबांची आठवण कुणी अभिमानाने काढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर डाग पडतात, मग पेस्टमधून ते आणखी कशाला? प्रश्न रास्त आहे. अशा गावांत आधी पाण्याचा बंदोबस्त हवा, आणि लहान मुलांसाठी पेस्ट निवडताना डॉक्टरांना विचारायला हवे. पण पिण्याच्या पाण्यातून रोज पोटात जाणारे फ्लोराइड आणि दाताला लावून थुंकून टाकायची पेस्ट या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

आणि परंपरेचेच म्हणाल, तर मशेरीही परंपराच आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून हिरड्यांना चोळायची सवय खेड्यापाड्यांतल्या असंख्य बायकांना लागली ती दात घासण्याच्या नावाखालीच. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 मध्ये बंदी आली, तरी घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. राखुंडीचे दुखणे त्यामानाने सौम्य, पण खरखरीत कोळसा रोज जोराने घासला की कवच झिजते. जुने ते वापरून पारखलेले असते हा समज इथे साफ कोसळतो. शिवाय आज बांधावर दिसते ती बहुतेकदा वेडी बाभूळ असते, अमेरिका खंडातून आलेली. नाव बाभळीचे असले तरी झाड वेगळे आहे. तिची काडी तोंडात घालू नये.

राहिला खर्चाचा मुद्दा. दाताचा डॉक्टर महाग आणि लांब, बाभूळ फुकट आणि दारात, हे खरेच आहे. म्हणूनच दातवण सोडा असे मी म्हणणार नाही. मऊ कुंचला करून रोज नीट घासणारा माणूस महागड्या ब्रशने अर्ध्या मिनिटात उरकणाऱ्यापेक्षा पुढे असतो. त्याला दिवसातून एकदा फ्लोराइडच्या साध्या, स्वस्त पेस्टची जोड द्यावी. गुळण्या सूज उतरेपर्यंत जरूर कराव्यात. पण दात रात्री ठणकत असेल, हिरडीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर काढ्याचे भांडे बाजूला ठेवा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात तोंड दाखवा. मशेरी लावणाऱ्यांनी तर आठवडाभरही थांबू नये.