वारसा आणि हृदय

बारडोली तालुक्यातील शेतकऱ्यांवर सरकारने २२ टक्के सारावाढ लादली. १९२८ साली त्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली ती देण्याचे नाकारले. पुढे चौकशी होऊन वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. ह्याच लढ्याने वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव दिले. ह्या खंबीर पुरुषाला मार्च १९४८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, आणि १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्याच विकाराने त्यांचे देहावसान झाले.

असे कोणी गेले की घरोघर प्रश्न उठतो : हा रोग रक्तातूनच येतो काय? प्रथम वय पाहावे. सरदार पंचाहत्तर वर्षांचे होते. त्या वयात पुष्कळांच्या रक्तवाहिन्या जीर्ण झालेल्या असतात. परंतु बाप वा भाऊ पंचावन्नच्या आत, किंवा आई वा बहीण पासष्टच्या आत ह्या विकाराने ग्रासली गेली, तर वारशाचा संशय घ्यावा.

हा वारसा दोन प्रकारचा असतो. पहिल्यात एकाच जनुकात मोठा दोष असतो. रक्तातील कोलेस्टेरॉल उचलून घेणारी जणू दारेच यकृताच्या पेशींवर असतात. ती अपुरी पडली की कोलेस्टेरॉल साचते व हृदयाला रक्त पुरविणाऱ्या नलिका आतून अरुंद होतात. ह्या दारांचा शोध लावणारे अमेरिकन डॉक्टर ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा दोष अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, आणि आईबापांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याकडे येण्याचा संभव निम्मा असतो. दुसऱ्या प्रकारात अनेक जनुकांतील बारीक फरक मिळून धोका वाढवितात. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर असा एक फरक आढळला; तो कोट्यवधी निरोगी माणसांतही असतो.

मग नशिबाला बोल लावून स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. २०१६ साली ५५ हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. धूम्रपान वर्ज्य, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम, योग्य आहार ह्या चारांपैकी निदान तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका, जनुके प्रतिकूल असूनही, त्या न पाळणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मा आढळला. बारडोलीच्या साऱ्याप्रमाणे हा आकारही अटळ नाही.

तेव्हा वाचकहो, घरातील कोण कोणत्या वयात व कशाने वारले हे लिहून ठेवा. सोयरिकीला बाध येईल म्हणून रोग लपवू नका. लपविल्याने तो मुलांपासून दूर राहत नाही. तरुणपणी झटका आलेल्याच्या भावंडांनी व मुलाबाळांनी रक्तातील कोलेस्टेरॉलची साधी तपासणी करून घ्यावी. दोष आढळल्यास औषधे आहेत; मात्र बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पूर्वजांनी काय दिले ते आपल्या हाती नव्हते. लेकरांना वेळीच सावध करणे मात्र आपल्याच हाती आहे.