मुलीने कुस्तीचा पेशा पत्करावा काय?

गेल्या सहामाहीत आठवीच्या वर्गास आम्ही 'मी मोठेपणी कोण होणार?' या नेहमीच्याच विषयावर निबंध लिहावयास सांगितले होते. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, शिक्षिका अशी उत्तरेही नेहमीचीच आली. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले की, आपण कुस्तीगीर होणार व कुस्तीवरच पोट भरणार. डावांची नावे तिने बिनचूक दिली होती. दूध, बदाम व अंडी यांचा मासिक खर्चही मांडला होता. निबंध मोठ्याने वाचला जाताच सारा वर्ग हसला. खेदाची गोष्ट ही की, वर्गाबरोबर आम्हीही हसलो आणि 'विषय गंभीरपणे हाताळावा' असा शेरा वहीवर लिहून मोकळे झालो. मुलगी खाली बसली ती तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर आमच्या मनास रुखरुख लागली. आपण हसलो ते कशास? भाषेत दोष नव्हता, हिशेबात चूक नव्हती. तेच वाक्य एखाद्या मुलाने लिहिले असते तर आम्ही 'शाबास!' म्हटले असते. कारण आमच्या जिल्ह्यास मल्लविद्या परकी नाही. पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाची विद्या ज्यांनी पुन्हा नावारूपास आणली ते बाळंभटदादा देवधर आपल्याच कोठुरे गावचे. सन २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर यांनी आणली, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. गावोगावच्या जत्रांत हलगी कडाडू लागली की आजही माणसांची रीघ लागते. तेव्हा आपला आक्षेप कुस्तीला नाही. तो मुलीला आहे. हा आक्षेप कितपत टिकतो ते पाहू.

कुस्तीचा धंदा करणारी स्त्री ही आजची नवलाई आहे असे कोणी समजू नये. हमीदा बानू या मूळच्या मिर्झापूरकडील बाई अलीगढ येथे कुस्ती शिकल्या व १९४० नंतरच्या दशकात पुरुषांशीही लढू लागल्या. सन १९४४ मध्ये मुंबईस गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे २०,००० प्रेक्षक जमल्याचे त्या वेळच्या वर्तमानपत्राने छापले. आयत्या वेळी प्रतिपक्षाने अंग काढून घेतल्यामुळे कुस्ती मात्र झाली नाही. मे १९५४ मध्ये बडोद्यास त्यांनी बाबा पहिलवानास अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. त्याच वर्षी मुंबईत 'रशियाची अस्वलीण' म्हणून गाजावाजा झालेल्या व्हेरा चिस्टिलिन हिला तर एका मिनिटाच्या आतच पाडले. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०० किलोंहून अधिक, रोज सहा तास मेहनत. त्यांच्या खुराकाच्या याद्या लोक वर्तमानपत्रांतून चवीने वाचीत.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहावी. कोल्हापुरास, जेथे कुस्ती म्हणजे लोकांचा जीव की प्राण, तेथे त्यांनी पुरुष मल्लास हरविले म्हणून प्रेक्षकांनी हुर्यो केली व दगड फेकले. पुण्यास रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द करावी लागली. बाईंनी थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांजकडे दाद मागितली. उत्तर आले की, स्त्री म्हणून बंदी नाही. परंतु कुस्त्या भरविणारे लोक त्यांच्यापुढे नावाचेच मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत. या तक्रारींत तथ्य असेलही. तथापि धंदेवाईक कुस्ती लुटुपुटीची असल्याचा बोभाटा त्या काळी पुरुषांच्या कुस्त्यांविषयीही होत असे, आणि तरी ते आखाडे भरतच राहिले. दोष जर भरविणाऱ्याचा, तर शिक्षा लढणारीस का?

सन १९५४ मध्ये त्यांच्या नावाने असे आव्हान प्रसिद्ध झाले की, जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. लोक ते वाचून हसले. आजही ती हकीकत सांगताना लोक हसतात. आम्हांस मात्र त्यात एका धंद्याची लाचारी दिसते. पुरुष मल्ल आखाड्यात उतरताना आपले कसब व इनामाची रक्कम पणास लावतो. या बाईंना तिकिटे खपविण्यासाठी स्वतःसच पणास लावावे लागले. मल्ल म्हणून त्यांचे मोल पुरेसे धरले गेले असते, तर त्या आव्हानाची गरज काय होती?

पुढे त्यांनी युरोपात जाऊन लढण्याचा मनोदय जाहीर केला आणि त्यानंतर आखाड्यातून त्यांचे नाव लवकरच नाहीसे झाले. त्यांनी परदेशी जाऊ नये म्हणून घरातच त्यांस जबर मारहाण झाली, असे त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडे वार्ताहरांना सांगितले आहे. उरलेले आयुष्य कल्याण येथे गेले. दुधाचा धंदा होता. पुढे पुढे रस्त्याच्या कडेला बसून खाद्यपदार्थ विकण्याचीही पाळी आली. सन १९८६ मध्ये त्या निवर्तल्या. ज्यांना पाहण्यासाठी वीस हजार माणसे जमली, त्यांच्या उतारवयात त्यांतली किती धावून आली? वाचकहो, टाळी आणि आधार या दोन निराळ्या वस्तू आहेत. टाळीला काही पडत नाही. आधाराला संस्था लागते, नियम लागतात व पैसा लागतो. हमीदा बानूंना पहिली भरपूर मिळाली, दुसरा मिळाला नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्राचे सार एवढेच आहे.

आता आजच्या आक्षेपकांकडे वळू. कोणी म्हणतात, स्त्रीच्या शरीरास हे श्रम सोसणार नाहीत. ज्या जिल्ह्यात बाया उन्हातान्हात कांद्याची भरलेली पाटी डोक्यावरून वाहतात व द्राक्षाच्या बागेत दिवसभर मान वर करून राबतात, त्या जिल्ह्यात तरी हे बोलू नये. श्रम मजुरीचे असले तर ते सोसतात आणि मानाचे असले तर सोसत नाहीत, हा कोठला न्याय? कोणी म्हणतात, हे शोभत नाही. शोभा ही सवयीची गोष्ट आहे. स्त्रियांची जागतिक कुस्ती स्पर्धा १९८७ पासून होत आहे. २००४ मध्ये अथेन्स येथे स्त्रियांच्या कुस्तीस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक हिने कांस्यपदक मिळविले, तेव्हा 'शोभत नाही' म्हणणाऱ्यांनीही पेढे वाटले असतील. आपल्या राज्यात महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून पुरुषांना मिळत आला. स्त्रियांना त्यासाठी मार्च २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. सांगली येथे झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत सांगलीची प्रतीक्षा बागडी विजयी झाली. अंतिम कुस्तीत तिच्यासमोर होती ती वैष्णवी पाटील. आणि ती कल्याणची, हे विशेष. ज्या गावी हमीदा बानूंचे अखेरचे दिवस गेले, त्याच गावची मुलगी आता वजनगट, पंच व गुणफलक असलेल्या मैदानात उतरते आणि तिच्या लग्नाची पैज कोणी लावीत नाही. मधल्या काळात बदलले ते हेच.

परंतु यावरून सर्व आलबेल आहे असे सांगू तर आम्ही त्या विद्यार्थिनीची दुसऱ्यांदा फसवणूक करू. सन २०२३ मध्ये देशातील नामांकित स्त्री मल्लांना दिल्लीच्या रस्त्यावर बसावे लागले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी लैंगिक छळ केल्याची त्यांची तक्रार होती. त्या वर्षाच्या अखेरीस साक्षी मलिक हिने आपले बूट टेबलावर ठेवून कुस्तीचा निरोप घेतला. सन २०२४ मध्ये पॅरिस येथे विनेश फोगाट ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री मल्ल. परंतु सकाळच्या वजनात ५० किलोंवर अवघे १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती बाद झाली. नियम सर्वांस सारखाच, हे खरे. पण रातोरात पाणी व अन्न तोडून वजन उतरविणे हा या पेशाचा केवढा कठोर भाग आहे, हे आईबापांनी जाणून असावे.

म्हणून आमचे उत्तर असे आहे: मुलीने कुस्तीचा पेशा जरूर पत्करावा, मात्र ज्या उणिवांमुळे हमीदा बानू बुडाल्या, त्या आपण आधी भरून काढाव्यात. पहिली गोष्ट, जिथे मुलींसाठी वेगळी वेळ, वेगळी खोली व जबाबदार स्त्रीची हजेरी आहे, अशाच तालमीत तीस घालावे. वस्तादांची कीर्ती कितीही मोठी असो, आईस तेथे केव्हाही जाऊन बसता आले पाहिजे. दुसरी, वाढत्या वयाच्या मुलीचे वजन वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणी उतरवू नये. तिसरी, शिक्षण सुटता कामा नये. मल्लाचा उमेदीचा काळ दहाबारा वर्षांचा आणि आयुष्य मोठे. चौथी, मिळालेले इनाम तिच्याच नावे जमा व्हावे. आणि पाचवी, कोठे लढावे व कोठे थांबावे याचा अखेरचा शब्द तिचा असावा. बापाचा, वस्तादाचा वा नवऱ्याचा नसावा. या पाच गोष्टींत अवघड अशी एकही नाही. तथापि त्या न पाळल्याने एका मोठ्या मल्लाचे आयुष्य रस्त्याच्या कडेला आले.

शाळांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. क्रीडासाहित्याच्या यादीत बॅट व चेंडू यांचा खर्च दरवर्षी निमूटपणे मंजूर होतो. मग कुस्तीच्या एका मॅटचा खर्च व मुलींसाठी आठवड्यातून दोन तास एवढे तरी येत्या वर्षी का होऊ नये? आम्ही हा प्रश्न शिक्षकांच्या सभेत मांडणार आहोत. पालकांनी पाठबळ द्यावे, ही विनंती.

राहिला तो निबंध. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर त्या विद्यार्थिनीची क्षमा मागितली व वहीवरील शेरा खोडला. विषय गंभीरपणे हाताळला नव्हता तो तिने नव्हे, आम्हीच. मुलांनो, पुढे कधी वर्गातील कोणी आपल्या मनातील मोठी गोष्ट उभे राहून सांगेल, तेव्हा हसण्यापूर्वी क्षणभर थांबा. तुमचे शिक्षक थांबले नाहीत, म्हणूनच हे तुम्हांस सांगत आहेत.