पासष्टी ओलांडली की आधार तुटतो

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये आज साठीतली शेतमजूर बाई ‘लाडकी बहीण’चे महिन्याला १,५०० रुपये घेऊ शकते. मुख्य अट अशी की घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे. तिने पासष्टी ओलांडली की या योजनेतला तिचा हक्क संपतो. पुढचा आधार श्रावणबाळ योजनेचा. रक्कम तीच, उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपये. म्हणजे अख्ख्या घराला दिवसाकाठी ५८ रुपयेही नाहीत. सोयाबीन सोंगणीची एका दिवसाची मजुरी त्याहून कितीतरी जास्त असते. हातपाय चालत असताना ज्या बाईला सरकार गरीब मानते, तीच थकल्यावर सरकारी कागदावर सुखवस्तू ठरते. हा अन्याय आहे, आणि तो नियमातच लिहिलेला आहे.

खरे उत्पन्न सांगणारा बाद होतो, उत्पन्नाचा दाखला ‘बसवून’ घेणारा पात्र ठरतो. ज्याला दाखला काढून द्यायला कुणी नाही, तोच खरा निराधार. तो यादीत येतच नाही. वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयासाठी वर्षानुवर्षे २०० रुपयांवर थिजला आहे. एवढ्या वर्षांत तेल-तुरीचे भाव कुठे गेले, हे दिल्लीला ठाऊक नाही काय?

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात दहातला जवळपास एक माणूस साठीपुढचा होता. विदर्भातल्या गावांतून पोरे पुण्या-मुंबईला गेली. मागे राहिले ते म्हातारे आणि कोरडवाहू शेत. आज पन्नाशीत असलेली मजुरांची मोठी पिढी लवकरच याच रांगेत उभी राहणार आहे. तिच्याकडे ना भविष्य निर्वाह निधी, ना शिल्लक.

पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे, सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. चांगले निर्णय आहेत. पण अंथरुणाला खिळलेला माणूस एसटीपर्यंत पोचणार कसा? हयातीचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणी, तहसीलची कामे यांसाठी त्याने वाशीम का गाठावे? आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून त्याचे अनुदान का अडावे? प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, असे ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा २००७ चा कायदा सांगतो. त्या कायद्याला दीड तपाहून अधिक काळ लोटला.

विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनातच श्रावणबाळची मर्यादा अडीच लाखांवर न्यावी. पासष्टी गाठणाऱ्या लाडक्या बहिणीचे नाव नव्या अर्जाविना, एकही हप्ता न चुकता श्रावणबाळच्या यादीत जावे. महिन्यातून एक ठरलेला दिवस तलाठी, बँकमित्र आणि डॉक्टर यांनी अनसिंगमध्ये एकत्र बसावे. जे तिथवरही येऊ शकत नाहीत त्यांची यादी आशाताईंकडून करून घ्यावी, त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा आणि यादीतल्या प्रत्येक घरी त्याच दिवशी पोचावे.