आठशे रुपयांत गिअरची सायकल

होस्टेलच्या नोटीस बोर्डावर दर वर्षी दोन प्रकारच्या चिठ्ठ्या हमखास असतात. 'सायकल विकणे आहे' आणि 'माझी सायकल हरवली आहे, कोणास दिसल्यास कळवावे'. पहिली बहुतेक बी.ई.वाल्यांची, दुसरी बहुतेक एफ.ई.वाल्यांची. या दोन चिठ्ठ्यांचं एकमेकींशी जवळचं नातं आहे असं माझं मत आहे. काही जणांना ते झोंबेल, पण झोंबू दे.

सायकल गेली की आपण पहिलं नाव कुणाचं घेतो? मेसमधल्या पोऱ्याचं. नाहीतर नवीन बिल्डिंगच्या कामावरच्या मजुरांचं. मग वॉचमनकाकांना बोलणी. पण मित्रांनो, रात्री साडेबाराला स्टँडवरून सायकल काढणाऱ्या मेसच्या मुलाला कुणीही हटकेल. शॉर्ट्स घातलेल्या, कानात हेडफोनवाल्या स्टुडंटला कोण हटकणार? आपल्याकडे सायकल 'चोरत' नाहीत, 'ढापतात'. नाईट कँटीनपर्यंत म्हणून नेतात आणि लायब्ररीच्या मागे सोडून देतात. काही सायकली तिथेही सापडत नाहीत. त्यांना मग नवीन रंग लागतो, दुसरी सीट बसते आणि त्या पुढच्या जुलैत 'विकणे आहे' होऊन परत येतात. आणि मेसचा पोऱ्या मात्र वर्षभर चोर.

सेकंड हँड सायकल घेण्यात वाईट काहीच नाही. चार वर्षांसाठी नवी कोरी सायकल घेऊन ती उन्हापावसात गंजवणं हा पैशाचा माजच आहे. फक्त घेताना बघून घ्या. चाक उचलून फिरवा, रिम ब्रेकच्या रबरांमधून लहरत गेली तर ती आऊट आहे. आरे एकेक करून दाबून बघा. (मी कॉन्व्हेंटवाली, मला स्पोक्सच माहीत होतं, 'आरे' हा शब्द गेटबाहेरच्या सायकलवाल्या काकांनी शिकवला.) पायडलचा दांडा धरून आडवा हलवा, खडखडलं तर आतले छर्रे किंवा कप गेले. टायर, ट्यूब, केबल या गोष्टी स्वस्तात बदलता येतात, त्यावरून भाव पाडा. पण फ्रेमच्या वेल्डिंगजवळ भेग दिसली तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

यानंतर सायकल उलटी करा. दोन्ही क्रँक जिथे जोडतात त्या नळीच्या खालच्या बाजूला बहुतेक सायकलींवर फ्रेम नंबर ठोकलेला असतो. कधी तो सीटच्या नळीवर नाहीतर पुढे हँडलच्या नळीवर असतो. तिथे कानस मारलेली दिसली, किंवा बाकी सायकल खरवडलेली आणि तेवढ्याच जागी ताजा रंग असला, तर ती सायकल कुणाची तरी आहे. विकणाऱ्याकडे मूळ बिल मागा. बिल नसेल तर साध्या कागदावर नाव, रूम नंबर, फ्रेम नंबर, किंमत आणि सही मागा. "एवढ्याशा सायकलसाठी कशाला गं?" असं म्हणणाऱ्याकडून तर नक्कीच घेऊ नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ३१७ प्रमाणे माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहा-बारा हजारांची गिअरची सायकल आठशेला मिळते, यापेक्षा मोठं कारण ते काय? आणि आपली सायकल गेली तर? पाच हजारांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे. म्हणजे एन.सी. नोंदवली जाईल, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आपल्या बहुतेक सायकली याच भावातल्या! तेव्हा जे करायचं ते आपणच.

डी सिकाचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला असेल. सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो. त्याची तर नोकरी चालली होती. आपल्याकडे "माझी गेली म्हणून मी पण ढापली" हे ज्या अभिमानाने सांगतात, त्याला कुठलं कारण आहे?

कुलपांबद्दल थोडं. मागच्या चाकाच्या गोल कुलपाने चाक फिरत नाही एवढंच, सायकल खांद्यावरून जाते. पातळ केबल लॉक साध्या कटरने तुटतं. नंबर लॉकची तर कमालच. चार चकत्या म्हणजे दहा हजार शक्यता, पण घाईत आपण एकच चकती फिरवतो. मग चोराला जास्तीत जास्त ४ × ९ = ३६ वेळाच प्रयत्न करावे लागतात. सगळ्या चकत्या फिरवा. जमलं तर जाड यू-लॉक घ्या आणि ते फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून, मागच्या चाकाच्या रिमभोवती, पक्क्या खांबाला अडकवा.

पूर्वी महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत नगरपालिका सायकलवर कर घेऊन नंबरचा बिल्ला द्यायची. आजोबांना त्या बिल्ल्याचा राग यायचा, मला मात्र तो होस्टेलसाठी परत हवाय. दोनशे पानी एक रजिस्टर, त्यात प्रत्येक सायकलचा फ्रेम नंबर आणि मालकाचं नाव. विक्री झाली की दोघांच्या सह्या. नंबर नोंदलेला नसेल त्या सायकलला गेटवर विचारायचं, मग चालवणारा स्टुडंट असो की मेसचा मुलगा. रेक्टर सरांना द्यायचा अर्ज तयार आहे, लेडीज होस्टेलच्या ऑफिसबाहेर ठेवलाय. सही करायला याल तेव्हा सायकल उलटी करून नंबर लिहून आणा.