गावठी की बॉयलर?

पनवेलच्या चिकनच्या दुकानात हा प्रश्न रोज कानी पडतो. ‘ब्रॉयलर’मधला रकार बोलीने गाळला, त्यात नवल नाही. खटकतो तो दुसरा भेद. गावठी कोंबडी अंगणात वाढते, तांबडी किंवा तुरेवाली म्हणून ओळखली जाते. ती कापली की घरातले एखादे मूल रुसते. बॉयलरला अशी ओळख नसते, असतो तो ‘लॉट’. रायगडमधील कितीतरी शेडमध्ये कंपनी पिल्ले व खाद्य पुरवते, शेतकरी जागा आणि श्रम देतो. सुमारे ४० दिवसांत पक्षी दोन किलोंचा होतो. काहींच्या पायांना ते वजन पेलवतही नाही.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम अन्नासाठी प्राणी मारणे गुन्हा मानत नाही. मात्र मारताना ‘अनावश्यक’ वेदना होऊ नयेत, अशी अट घालतो. या विशेषणाचा अर्थ कोणी ठरवायचा? आज तो बाजारभावच ठरवतो, असे माझे मत आहे.

मी मांसाहारी आहे. आषाढ सरताना आमच्याही घरी रस्सा शिजतो. म्हणूनच मारण्यापेक्षा वाढवण्याचा प्रश्न मला अधिक छळतो. (शाकाहारी वाचकांनी दुधाच्या गोठ्यातील नर वासरांची चौकशी करून पाहावी.) सामान्य माणसाच्या ताटात स्वस्त चिकन बॉयलरमुळेच आले, हेही नाकारता येत नाही. चांगल्या रीतीने वाढवलेल्या पक्ष्यासाठी किलोमागे किती रुपये जास्त मोजू, असे रांगेत उभा असताना मी स्वतःला विचारतो आणि बहुतेक रविवारी बॉयलरच घेऊन घरी येतो.