लहान बोर्डाला मोठे काम झेपते

आपल्या मंडळीतील काही घरांत आता मुलांच्या हाती एटीएम कार्डाएवढा एक उघडा संगणक आला आहे. टीव्हीची तार, जुना कीबोर्ड आणि मोबाइलचा चार्जर जोडला की तो सुरू होतो. मुलगा किंवा मुलगी मोठ्या हौसेने त्यावर एखादे जड सॉफ्टवेअर मूळ कोडपासून कंपाइल करायला घेते. तासाभराने पडदा गोठतो आणि घरातील वडीलधारे निकाल देतात, "हे खेळणे आहे. खरे शिकायचे तर लॅपटॉपच हवा." लॅपटॉप घेण्याची ऐपत नसली की त्या लेकराचे शिकणे तिथेच थांबते. हा निकाल आम्हांला मान्य नाही.

कंपाइल करणे म्हणजे माणसाने लिहिलेला कोड प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांमध्ये उतरविणे. मोठ्या पॅकेजमध्ये अशा शेकडो, कधी हजारो फायली असतात. त्या एकेक करून स्वतंत्रपणे कंपाइल होतात आणि शेवटी एकत्र जोडल्या जातात. म्हणजे काम डोंगराएवढे असले तरी एका वेळचा घास लहान असतो. लहान बोर्ड तो घास घेऊ शकतो. त्याला वेळ लागतो, इतकेच.

मग पडदा का गोठतो? २०१६ साली आलेला रास्पबेरी पाय ३ पाहा. त्यात चार कोअर आहेत, पण रॅम फक्त १ जीबी. चार कोअर दिसतात म्हणून मुले 'मेक'ला चार फायली एकदम करायला सांगतात. सी प्लस प्लसची एखादी जड फाईल कंपाइल होताना काहीशे एमबी रॅम सहज घेते. अशा चार एकत्र आल्या की रॅम संपते. मग यंत्र एसडी कार्डावरील स्वॅपचा आधार घेते, आणि कार्ड तर रॅमच्या मानाने फारच मंद. तोही आधार संपला की लिनक्सचा कर्नल सर्वांत जास्त जागा अडविणारे काम बंद पाडतो. पडद्यावर एवढेच दिसते की कंपाइलर मारला गेला. मुलाला वाटते, आपल्याला जमले नाही. वडिलांना वाटते, यंत्र कुचकामी आहे. खरे पाहता चार घास एकदम तोंडात कोंबले गेले होते.

उपाय साधे आहेत. एका वेळी एकच फाईल घ्यावी, फार तर दोन. स्वॅपची जागा वाढवावी, आणि ती शक्यतो यूएसबी डिस्कवर ठेवावी, कारण सतत लिहिण्याने एसडी कार्ड झिजते. प्रोसेसरवर हीटसिंक बसवावा, जमल्यास छोटा पंखा लावावा. तापमान ८० अंशांच्या पुढे जाऊ लागले की बोर्ड आपला वेग आपणच कमी करतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसू लागले तर चार्जर बदलावा, तो पुरेशी वीज देत नाही. मध्येच वीज गेली तरी घाबरू नये. 'मेक' फायलींच्या वेळा पाहून काम ठरवते, त्यामुळे जे पूर्ण झाले ते ती पुन्हा करीत नाही. वीज गेली त्या क्षणी अर्धवट राहिलेली फाईल तेवढी पुसावी आणि पुढे चालू करावे.

जाणकार म्हणतील, "मोठ्या संगणकावर बसून लहान बोर्डासाठी कंपाइल करता येते. मग बोर्डाला का शिणवायचे?" खरे आहे. ज्यांच्याकडे मोठा संगणक आहे त्यांनी तसेच करावे. पण आम्ही बोलतो आहोत ते ज्या घरात दुसरा संगणकच नाही त्या घराविषयी. तिथे हा बोर्ड रात्रभर चालू ठेवणे हीच शिकण्याची एकमेव वाट असते.

लहान बोर्डांनी केवढे काम होते याचे उदाहरण रास्पबेरी पायच्याच इतिहासात आहे. पहिला पाय फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडमधून विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर, एकच कोअर, वेग ७०० मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी. त्याच्या प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांची गणिते वेगाने करणारा भाग होता. पण डेबियनची जी आवृत्ती असा भाग नीट वापरत असे, ती त्याहून नव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली होती. तेव्हा माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी डेबियनची पॅकेजेस या प्रोसेसरसाठी नव्याने कंपाइल करायला घेतली. लहान आर्म बोर्ड एकमेकांना जोडून त्यांनी घरीच ताफा उभा केला. जून २०१२ पर्यंत ३५,००० हून अधिक पॅकेजेस तयार झाली आणि रास्पबियन सर्वांसाठी खुले झाले.

आज आपण एक आज्ञा देतो आणि पॅकेज मिनिटाभरात बसते. त्या मिनिटामागे कोणीतरी जागलेल्या रात्री आहेत, हे मुलांना सांगितले पाहिजे. म्हणूनच तयार पॅकेज मिळत असेल तर ते घेण्यात कमीपणा नाही. पायव्हील्ससारखा प्रकल्प पायथनची पॅकेजेस पायसाठी आधीच बांधून ठेवतो, ती कृतज्ञतेने वापरावीत. तयार मिळत नाही, किंवा आपल्याला हवी ती सोय त्यात नाही, तेव्हाच स्वतः कंपाइल करावे.

आणि एकदा केले की ते वाटावे. एकाच तरुण संघात तिघांकडे सारखेच बोर्ड असतील आणि तिघांनीही तेच पॅकेज रात्र रात्र वेगवेगळे बांधले, तर दोघांच्या रात्री वाया गेल्या. एकाने बांधावे, त्याचे पॅकेज करावे आणि पेनड्राइव्हवर इतरांना द्यावे. कोणता बोर्ड, ऑपरेटिंग सिस्टिमची कोणती आवृत्ती, कोणते पर्याय निवडले आणि मूळ कोड कुठला, हे एका कागदावर लिहून सोबत जोडावे. घेणाऱ्याला ते नीट वापरता येईल आणि पुढे सुधारताही येईल.

पालकांना आमची एक विनंती आहे. रात्री झोपण्यापूर्वी घरातील दिवे मालवताना त्या लहान बोर्डाचे बटण बंद करू नका. मुलाला आधी विचारा, काम कुठवर आले आहे.